शरद ऋतुचर्या

आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांत आहार, झोप, व्यायाम व शरीरशोधन कसे ठेवावे, याचा आयुर्वेदाने सांगितलेला क्रम. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला (ग्रंथाच्या पहिल्या विभागातला) सहावा आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातला तिसरा अध्याय हे त्याचे मुख्य आधार. पावसाळी गारव्याला सरावलेले अंग आभाळ निवळताच एकदम तापते आणि वर्षाऋतूत साठलेले पित्त उसळते, ही त्यामागची उपपत्ती. महाराष्ट्रात ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात, तो हाच काळ. आंबट ढेकर, छातीत जळजळ, तोंड येणे, घोळणा फुटणे, अंगावर पित्त उठणे या तक्रारी वैद्य या प्रकोपात धरतात. पित्त ही या शास्त्राची संकल्पना आहे. रक्ततपासणीत तिचा आकडा निघत नाही.

जुनी सवय एका दिवसात तोडू नये, असे वाग्भट बजावतो. एकाएकी सोडणे आणि एकाएकी धरणे, दोन्हींनी आजार होतात. सरत्या ऋतूचे शेवटचे 7 आणि नव्याचे पहिले 7 दिवस मिळून ऋतुसंधी होते. पावसाळ्यातले आंबट, खारट व उष्ण पदार्थ या 14 दिवसांत पाव-पाव हिश्शाने कमी करत जावे. त्यांच्या जागी गोड, कडू व तुरट चवी येतात: साळीचा भात, मूग, पडवळ, आवळा, खडीसाखर, तूप. भूक लागल्यावरच आणि हलके जेवायचे. दही, क्षार, तेल, तीव्र मद्य, ऊन आणि पोटाला तड लागेपर्यंतचे जेवण वर्ज्य. नवरात्रातला साबुदाणा, तळलेला बटाटा व शेंगदाण्याचे कूट याच पंधरवड्यात येतात आणि उपवासाने पित्त वाढल्याची तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते. वरीचे तांदूळ, राजगिरा, दूध, लाल भोपळा यांवर केलेला उपवास अधिक सोसतो.

विश्रांतीबाबत गैरसमज फार. या ऋतूत दिवसा झोपणे निषिद्ध आहे. ती मुभा फक्त ग्रीष्मात, कारण इतर ऋतूंत दिवसाच्या झोपेने कफ-पित्त वाढते, असे चरक सांगतो. रात्री जागरण झालेच, तर जागलेल्या वेळेच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावे. गरब्यात 4 तास गेले, तर सकाळी 2 तास. दुपारच्या जेवणानंतर भरपाई करू नये. व्यायाम एरवी अर्ध्या शक्तीने सांगितला आहे, म्हणजे कपाळाला व काखेत घाम येऊन तोंडाने श्वास घ्यावा लागेपर्यंत. पण तोही थंडीत व वसंतात. शरदात त्याहून सौम्य.

संध्याकाळी चांदण्यात बसणे हा या चर्येचा सुंदर भाग. मात्र तो प्रदोषकाळापुरता, म्हणजे रात्रीच्या सुरुवातीपुरता आहे, कारण दव टाळायला सांगितले आहे. कोजागरीचे मध्यरात्रीचे आटीव दूध ही वेगळी परंपरा. पचन मंद असणाऱ्याने ते अर्धी वाटीच घ्यावे आणि त्या रात्रीचे जेवण हलके ठेवावे. दिवसा उन्हाने तापलेल्या, रात्री चांदण्याने निवलेल्या पाण्याला ‘हंसोदक’ म्हणतात. हे वर्णन नैसर्गिक जलाशयांचे आहे. आजचे नदी-तळ्याचे पाणी गाळून, उकळूनच प्यावे.

कडू औषधांनी सिद्ध केलेले तूप, विरेचन (औषधाने जुलाब करवणे) आणि रक्तमोक्षण (शरीरातून थोडे रक्त काढणे) ही या ऋतूची शोधने. सर्वाधिक चुका विरेचनात होतात. आधी 3 ते 7 दिवस चढत्या मात्रेत औषधी तूप, मग सुमारे 3 दिवस तेल लावून शेक, त्यानंतर रेचक, आणि पुढे 3 ते 7 दिवस पेज, घट्ट भात, मुगाचे कढण अशा पायऱ्यांनी जेवणाकडे परतायचे. हे टप्पे गाळून घरीच एरंडेल किंवा जुलाबाचे चूर्ण घेतले की पोटात मुरडा येतो, शरीरातले पाणी व क्षार जातात, गळून जायला होते. लगेच तळलेले खाल्ले तर अजीर्ण ठरलेले. गरोदर स्त्रिया, लहान मुले, अशक्त वृद्ध, तसेच मधुमेह, मूत्रपिंड वा हृदयविकाराची औषधे चालू असलेल्यांनी डॉक्टर व वैद्य यांना विचारल्याशिवाय हे मुळीच करू नये.

कार्तिकाचे शेवटचे 8 आणि मार्गशीर्षाचे पहिले 8 दिवस ‘यमदंष्ट्रा’ (यमाची दाढ) मानले आहेत. या काळात थोडे जेवणारा जगतो, असे शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदग्रंथात म्हटले आहे. डिंकाचे, मेथीचे लाडू हे 16 दिवस उलटून भूक वाढल्यावरच सुरू करावेत.