गोया पुरस्कार

स्पेनच्या चित्रपट अकादमीतर्फे दरवर्षी, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत, दिले जाणारे चित्रपट पुरस्कार. ते सरकारी नाहीत. मतदान करतात ते अकादमीचे सभासद, म्हणजे चित्रपटव्यवसायातलीच माणसे. अकादमी 1986 साली स्थापन झाली आणि पहिला सोहळा 17 मार्च 1987 रोजी माद्रिदच्या लोपे दे व्हेगा नाट्यगृहात झाला. तेव्हा 15 विभाग होते, आता 28 आहेत.

पुरस्कार म्हणजे चित्रकार फ्रान्सिस्को दे गोया यांचा ब्राँझचा अर्धपुतळा. बोलीत त्याला ‘काबेसोन’, म्हणजे मोठ्या डोक्याचा, म्हणतात. मिगेल ऑर्तिस बेरोकाल यांनी घडवलेला पहिला पुतळा 15 किलोंचा होता. तो हातात धरून आभार मानणे म्हणजे व्यायामच, त्यामुळे तो लवकरच बदलला. होसे लुइस फर्नांदेझ यांचा सध्याचा पुतळा सुमारे 3 किलोंचा आहे.

हे स्पॅनिश भाषेतील चित्रपटांचे पुरस्कार आहेत, हा नेहमीचा गैरसमज. पाहिले जाते ते चित्रपटाचे राष्ट्रीयत्व, भाषा नव्हे. दिग्दर्शक आलेहांद्रो आमेनाबार यांचा ‘द अदर्स’ संपूर्ण इंग्रजीत असूनही 2002 साली सर्वोत्कृष्ट ठरला. 2011 साली कातालान या स्पेनमधल्याच दुसऱ्या भाषेतील ‘पा नेग्रे’ला तो मान मिळाला. उलट लॅटिन अमेरिकेतील चित्रपट स्पॅनिश बोलत असले तरी त्यांच्यासाठी ‘इबेरो-अमेरिकन चित्रपट’ हा वेगळा विभाग आहे.

मतदान दोन फेऱ्यांत होते: आधी नामांकने, मग विजेते. नामांकनांचा ढीग म्हणजे पुरस्कारांचा ढीग नव्हे. 2022 साली ‘एल बुएन पात्रोन’ला विक्रमी 20 नामांकने मिळाली, पदरी पडले 6 पुरस्कार. सर्वाधिक पुरस्कारांचा विक्रम आमेनाबार यांच्याच ‘मार आदेंत्रो’कडे आहे: 2005 साली 14. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी बरोबरी पहिल्यांदा झाली ती 2025 साली ग्रानादात, ‘एल 47’ आणि ‘ला इन्फिल्त्रादा’ यांच्यात.

वादग्रस्त ठरणारा नियम वयाचा. ‘पा नेग्रे’तील दोन बालकलाकारांना नवोदित अभिनयाचे पुरस्कार मिळाल्यानंतर अभिनयासाठी किमान वय 16 ठरवण्यात आले. त्यामुळे 2023 च्या बर्लिन महोत्सवात प्रमुख भूमिकेचा पुरस्कार मिळवलेल्या बालअभिनेत्रीचा मायदेशात नामांकनासाठी विचारही होऊ शकला नाही.

सोहळा दीर्घकाळ माद्रिदलाच बांधलेला होता. 2000 साली बार्सेलोना हा अपवाद. 2019 पासून तो सेव्हिया, मालागा, वालेन्सिया, वायादोलिद असा फिरू लागला. 2021 साली महासाथीमुळे सूत्रसंचालक मालागात होते आणि नामांकित मंडळी आपापल्या घरून पडद्यावर. व्यासपीठाचा राजकीय वापरही नवा नाही: 2003 साली इराक युद्धाच्या तोंडावर कलाकार ‘युद्ध नको’चे बिल्ले लावून आले होते.