पाळीतल्या हाताने लोणचं नासत नाही

अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की खान्देशात घरोघरी कैऱ्या फोडायला घेतात आणि नव्या सुनेला हमखास बजावलं जातं, "अडचण असली तर बरणीला हात लावू नको, लोणचं नासतं." हे साफ खोटं आहे. पाळीच्या दिवसांत बाईच्या हातात लोणचं बिघडवणारं वेगळं काही तयार होत नाही.

लोणचं बिघडवते ती बुरशी, आणि तिला ओल नि हवा लागते. धुतलेल्या फोडी नीट पुसल्या नाहीत, बरणी दमट राहिली, घाईत ओला चमचा घातला, की वर पांढरा थर धरतो. किलोभर फोडींना साधारण 150 ते 200 ग्रॅम मीठ हवंच. ते फोडींतलं पाणी ओढून घेतं आणि त्या खारट-आंबट रसात बुरशीला सहज वाढता येत नाही. तेल कडकडीत तापवून पूर्ण गार करा, मग फोडींवर बोटभर राहील इतकं ओता. काही दिवसांत फोडी तेल पितात. तेव्हा पुन्हा घाला; नवखे नेमकं हेच विसरतात.

बिबडे (ज्वारीचे पापड), कुरडयांचंही तेच. पुरते न वाळवता डब्यात भरले तर बुरशी येते, मग ते कुणीही केलेले असोत. सुनेला बरणीपासून लांब ठेवू नका, तिच्या हाती कोरडा चमचा द्या.