कॅनडातलं डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिट: अर्ज कसा भरायचा आणि मदत कुणाची घ्यायची

डॉक्टरांनी "कसं काय?" विचारलं की आपल्याकडची वडीलधारी माणसं ठरलेलं उत्तर देतात, "ठीक आहे, चालतंय." कॅनडात डिसॅबिलिटी टॅक्स क्रेडिटसाठी अर्ज करताना नेमकं हेच उत्तर नडतं. अर्जाचा निकाल आजाराच्या नावावरून लागत नाही, त्या आजारामुळे रोजचं काय अडतं यावरून लागतो.

आधी हे काय आहे ते पाहू. ही आयकरातली सूट आहे, खात्यात जमा होणारी पेन्शन नव्हे. 2024 साठी केंद्राची रक्कम 9,872 डॉलर होती. तिच्या 15 टक्के, म्हणजे साधारण 1,480 डॉलर कर त्या वर्षी कमी होत होता. 18 वर्षांखालील मुलासाठी त्या वर्षी जास्तीत जास्त 5,758 डॉलरची पुरवणी रक्कम वेगळी होती. प्रांताची सूट आणखी निराळी. पण मुळात करच बसत नसेल तर परतावा मिळत नाही. आईवडील मुलाकडे राहतात, त्यांना स्वतःचं उत्पन्न नाही आणि खाण्याराहण्याचा खर्च मुलगा किंवा मुलगी करते, अशा घरात न वापरलेली सूट त्या मुलाच्या किंवा मुलीच्या रिटर्नमध्ये घेता येते.

ज्यांना कर नाही त्यांनीही अर्ज करावा, असं माझं मत आहे. जुलै 2025 पासून सुरू झालेला कॅनडा डिसॅबिलिटी बेनिफिट (वय 18 ते 64, सुरुवातीला महिन्याला कमाल 200 डॉलर, उत्पन्नानुसार) या मंजुरीशिवाय मिळत नाही. त्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. दिव्यांग मुलांचा चाइल्ड डिसॅबिलिटी बेनिफिट आणि आरडीएसपी ही बचत योजना यांनाही हीच मंजुरी लागते.

पात्रता अशी: त्रास किमान सलग 12 महिन्यांचा असावा किंवा तेवढा टिकेल असा असावा. पाहणं, ऐकणं, बोलणं, चालणं, जेवणं, कपडे घालणं, मलमूत्र विसर्जन किंवा रोजच्या जगण्याला लागणारी मानसिक कार्यं यांपैकी एखादी गोष्ट औषधं आणि साधनं वापरूनही जवळजवळ नेहमी, म्हणजे किमान 90 टक्के वेळा, जमत नसावी किंवा तिला इतरांपेक्षा फार जास्त वेळ लागत असावा. तिप्पट वेळ हा ढोबळ अंदाज. एकही गोष्ट पूर्ण अडत नाही पण दोन-तीन गोष्टी बऱ्याच अडतात, अशांचा एकत्रित परिणामही धरतात. जीव टिकवण्यासाठी आठवड्यातून किमान 2 वेळा आणि सरासरी 14 तास उपचार घेणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे. टाइप 1 मधुमेह असेल तर 2021 पासून ही अट पूर्ण झाली असं मानतात. आपल्या घराघरांत असते ती टाइप 2 ची 'शुगर' त्यात आपोआप येत नाही.

फॉर्मचं नाव टी2201. पहिला भाग अर्जदार भरतो: नाव, जन्मतारीख, सिन नंबर (सोशल इन्शुरन्स नंबर) आणि सूट कोण घेणार ते. मागच्या वर्षांची रिटर्न्स दुरुस्त करून हवी असतील तर तसं इथेच कळवा. पात्रता जुनी असेल तर 10 वर्षांपर्यंत मागे जाता येतं. दुसरा भाग डॉक्टर किंवा नर्स प्रॅक्टिशनर भरतात. नुसत्या दृष्टीसाठी ऑप्टोमेट्रिस्ट, श्रवणासाठी ऑडिओलॉजिस्टही चालतात. महसूल खात्याच्या, म्हणजे सीआरएच्या, 'माय अकाउंट'मध्ये पहिला भाग ऑनलाइन भरला की एक क्रमांक मिळतो. तो डॉक्टरांना द्या, बाकीचं ते ऑनलाइन भरतात. भारतातलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड या फॉर्मऐवजी चालत नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी आठवडाभर वहीत टिपून ठेवा. आईला आंघोळीनंतर साडी किंवा गाऊन घालायला किती मिनिटं लागतात, मध्ये किती वेळा बसावं लागतं, घास कोण भरवतं. डॉक्टर तुम्हाला दहा मिनिटं पाहतात, घरातला दिवस त्यांना दिसत नाही. फॉर्म भरायचे पैसे डॉक्टर मागू शकतात. त्याची पावती ठेवा, वैद्यकीय खर्चात दाखवता येते.

आता मदतीचं. "परतावा मिळाला तरच पैसे द्या" म्हणत वीस-तीस टक्के मागणारे एजंट भेटतील. अशांना आळा घालायला 2014 मध्ये कायदा झाला, नियमांत शुल्काची मर्यादा 100 डॉलर ठरली, पण 2021 मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायालयाने त्या मर्यादेची अंमलबजावणी थांबवली. माझा सल्ला सरळ आहे: टक्केवारीवर सही करू नका. अवघड भाग डॉक्टरच भरतात, एजंट नव्हे. उत्पन्न बेताचं असेल तर सीआरएच्या स्वयंसेवक कार्यक्रमात रिटर्न मोफत भरून मिळतं. ब्रिटिश कोलंबियात डिसॅबिलिटी अलायन्स बीसी ही संस्था या अर्जासाठी विनामूल्य मदत करते. इंग्रजीत बोलणं आईवडिलांना जड जात असेल तर मुलाला किंवा सुनेला सीआरएकडे अधिकृत प्रतिनिधी नेमा, नाहीतर फोनवर त्यांच्याशी खातं काही बोलणारच नाही.

पाठवण्याआधी पूर्ण फॉर्मची प्रत काढून ठेवा. सीआरए कधी कधी डॉक्टरांकडे जास्तीची प्रश्नावली पाठवते, तेव्हा आधी काय लिहिलं होतं ते हाताशी हवं. नकार आला तर पत्रातलं कारण वाचा. नवी वैद्यकीय माहिती देऊन फेरविचार मागता येतो. औपचारिक हरकत घ्यायची असेल तर त्या पत्राच्या तारखेपासून 90 दिवस मिळतात.