संशोधन नौकेवरील सागरवैज्ञानिक प्रशिक्षण

समुद्रविज्ञानात नव्याने काम करू लागलेल्या विद्यार्थ्यांना आणि संशोधकांना भर समुद्रात, चालू मोहिमेत सामील करून घेऊन दिले जाणारे प्रशिक्षण. पाण्याचे, गाळाचे आणि सजीवांचे नमुने घेणे, उपकरणे समुद्रात सोडणे आणि धडपणे वर काढणे, जहाजावरील प्रयोगशाळेत लगेच विश्लेषण करणे, नोंदी ठेवणे आणि मोहिमेचा आराखडा आखणे ही त्याची मुख्य अंगे आहेत. भारतात हे प्रशिक्षण मुख्यतः गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ), वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागरी संशोधन केंद्र, तसेच कोची आणि चेन्नई येथील संस्था यांच्या नौकांवर होते.

समुद्राचा बराचसा अभ्यास आता किनाऱ्यावर, संगणकापुढे बसून होतो. उपग्रहांची चित्रे, स्वयंचलित तरंगत्या उपकरणांच्या नोंदी, जुन्या मोहिमांचे साठे अशी सगळी माहिती तयार मिळते. पण एखादा आकडा कोणत्या खोलीवरच्या पाण्यातून आला, ते पाणी बाटलीत कसे भरले, त्यात चूक शिरायला कुठे कुठे वाव होता, हे ज्याने डोळ्यांनी पाहिलेले नाही त्याला त्या आकड्यावर किती भरवसा ठेवावा हे उमगत नाही. नौकेवरील प्रशिक्षणाचा गाभा हाच आहे. उपकरण चालवायला शिकणे हा त्यातला सोपा भाग.

पूर्वपीठिका

हिंदी महासागराच्या संदर्भात याचे एक जुने आणि अर्थपूर्ण उदाहरण म्हणजे 1933–34 ची जॉन मरे मोहीम. सेमूर स्युएल यांच्या नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजाने अरबी समुद्राचा अभ्यास केला. जहाज इजिप्तने दिले, आणि ब्रिटिश वैज्ञानिकांबरोबर अब्देल फत्ताह मोहम्मद आणि हुसेन फौझी हे इजिप्शियन वैज्ञानिकही मोहिमेवर गेले. किनाऱ्यावरच्या देशाचे तरुण वैज्ञानिक नुसते पाहुणे म्हणून नव्हे, तर कामाला जुंपलेले सहकारी म्हणून जहाजावर असावेत, ही कल्पना इथे प्रत्यक्षात आलेली दिसते. अरबी समुद्राच्या मधल्या थरात प्राणवायू अत्यंत कमी असतो, हे निरीक्षण या मोहिमेच्या ठळक निष्कर्षांपैकी एक होते. आज गोव्यातून निघणारा जवळजवळ प्रत्येक प्रशिक्षणार्थी त्याच थरातले पाणी उपसतो.

भारतात या प्रशिक्षणाची खरी सुरुवात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेने केली. ही मोहीम 1965 पर्यंत चालली आणि तीत अनेक देशांच्या सुमारे चाळीस जहाजांनी भाग घेतला. भारताकडे तेव्हा खोल समुद्रात जाणारी स्वतःची संशोधन नौका नव्हती. नौदलाच्या ‘आयएनएस किस्तना’वर साधने बसवून काम भागवण्यात आले. ‘अँटन ब्रून’ या अमेरिकी संशोधन नौकेवर भारतीय वैज्ञानिकांना जागा मिळाली. हे जहाज एके काळी अमेरिकेच्या अध्यक्षांची नौका होते, तेव्हा त्याचे नाव ‘विल्यम्सबर्ग’ असे होते. याच काळात कोचीला हिंदी महासागर जीवशास्त्रीय केंद्र सुरू झाले. सर्व जहाजांनी एकाच प्रकारच्या जाळ्याने, 200 मीटर खोलीपासून पृष्ठभागापर्यंत सरळ उभ्या ओढीने गोळा केलेले प्राणिप्लवक (पाण्याबरोबर वाहत जाणारे बारीक प्राणी) तिथे आणून वर्गवार वेगळे केले जात. सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास चालणाऱ्या या निवडटिपणातून भारतातील सागरी जीवशास्त्रज्ञांची एक अख्खी पिढी तयार झाली. 1 जानेवारी 1966 रोजी एनआयओची स्थापना झाली तेव्हा तिच्या हाताशी माणसे होती ती अशी शिकलेली. संस्थेचे पहिले संचालक एन. के. पणिक्कर हेही या मोहिमेच्या भारतीय बाजूचे सूत्रधार होते.

भारतीय नौका

संस्थेला स्वतःची नौका मिळायला दहा वर्षे लागली. कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीत रूपांतर केलेली ‘गवेषणी’ 1976 मध्ये दाखल झाली. 26 जानेवारी 1981 रोजी हिच्याच डेकवर हिंदी महासागराच्या तळावरचे बहुधातू गोटे (मँगनीज, निकेल, तांबे अशा धातूंचे खनिज गोळे) भारताने पहिल्यांदा वर काढले. पुढे जर्मनीत बांधलेली, शंभर मीटर लांबीची ‘सागर कन्या’ (1983) आणि डेन्मार्कमध्ये बांधलेली ‘सागर संपदा’ (1984) या नौका आल्या. नंतर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची ‘सागर निधी’ आणि एनआयओच्या ‘सिंधू संकल्प’ व ‘सिंधू साधना’ यांची भर पडली.

यांपैकी एकही नौका केवळ प्रशिक्षणासाठी बांधलेली नाही. शिकणारे शिकले ते मोठ्या मोहिमांच्या ओघात. 1990 च्या दशकात संयुक्त जागतिक महासागर प्रवाह अभ्यासाचा (जेजीओएफएस, समुद्रातील कार्बनच्या देवघेवीचा आंतरराष्ट्रीय अभ्यास) भाग म्हणून ‘सागर कन्या’ने अरबी समुद्रात वेगवेगळ्या ऋतूंत फेऱ्या केल्या. तेव्हा रात्रपाळीला बाटल्या भरणारे अनेक संशोधक विद्यार्थी पुढे स्वतः मोहीमप्रमुख झाले. 1999 च्या बंगालच्या उपसागरातील मान्सून प्रयोगात तरुण हवामानशास्त्रज्ञांनी ऐन पावसाळ्यात, हेलकावणाऱ्या डेकवरून हवामान फुगे सोडण्याचा सराव केला.

जहाजावरील काम

मोहिमेआधी वैद्यकीय तपासणी होते आणि जीवरक्षणाचे धडे दिले जातात. नौका सुटली की लवकरच सर्वांना लाइफजॅकेट घालून ठरलेल्या जागी गोळा व्हावे लागते. मग पाळ्या लागतात. चार तास काम आणि आठ तास विश्रांती, किंवा बारा तासांच्या दोन पाळ्या, अशा पद्धती रूढ आहेत. संशोधन नौकेच्या एका दिवसाचा खर्च लाखांच्या घरात जातो, म्हणून काम रात्रीही थांबत नाही.

पहिले दोन-तीन दिवस अनेकांना बोट लागते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, मुरलेल्या खलाशांनाही ती लागते. उघड्या हवेत उभे राहून क्षितिजाकडे पाहणे, पोट अगदी रिकामे न ठेवणे आणि शक्य तितके काम करत राहणे, एवढेच उपाय जुने लोक सांगतात.

कामाचा कणा म्हणजे सीटीडी. पाण्याची विद्युतवाहकता (जिच्यावरून क्षारता काढतात), तापमान आणि दाब सलग मोजणारे हे उपकरण लोखंडी चौकटीत बसवलेले असते. त्याभोवती दहा-दहा लिटरच्या निस्किन बाटल्यांचे (हव्या त्या खोलीवर दुरून बंद करता येणाऱ्या बाटल्यांचे) कडे असते, मोठ्या चौकटीवर त्या चोवीस असतात. विंचच्या (केबल सोडणाऱ्या-गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) केबलवरून चौकट सेकंदाला साधारण एक मीटर वेगाने खाली जाते. प्रशिक्षणार्थी प्रयोगशाळेत पडद्यापुढे बसून आलेख उमटताना पाहतो. कोणत्या खोलीवर बाटली बंद करायची हे त्याला तेव्हाच्या तेव्हा ठरवावे लागते, कारण बाटल्या बंद करायच्या त्या वर येताना. तळ जवळ आला की वॉकीटॉकीवरून विंचवाल्याला वेळेवर ‘थांबवा’ सांगावे लागते. क्षणभर उशीर झाला तर लाखो रुपयांचे उपकरण चिखलात रुतते. डेकवर मात्र शेवटचा शब्द सारंगाचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा. पीएच.डी. झालेल्यानेही दोरखंडाला हात लावण्याआधी त्याला विचारायचे असते, आणि ही शिस्त फार उपयोगाची आहे.

चौकट डेकवर आली की बाटल्यांतून पाणी काढण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी विरघळलेल्या वायूंचे नमुने, मग पोषक द्रव्ये, क्षारता, हरितद्रव्य. क्रम चुकला तर बाटलीत हवा शिरते आणि वायूंचे मोजमाप वाया जाते. प्राणवायूसाठी आजही हंगेरियन रसायनतज्ज्ञ लायोश विंकलर यांची 1888 ची पद्धत वापरतात. रबरी नळी काचेच्या छोट्या बाटलीच्या तळापर्यंत न्यायची, पाणी बुडबुडा न येऊ देता भरायचे, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी वाहून जाऊ द्यायचे, मग मँगनीजचा क्षार आणि अल्कधर्मी आयोडाइड घालून बूच लावायचे आणि जोरात हलवायचे. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात दाट तपकिरी साका बसतो. अरबी समुद्रात दोनशे-तीनशे मीटर खोलीवरच्या बाटलीत मात्र तो पांढरा राहतो. प्राणवायू जवळजवळ नाहीच, याचे याहून थेट दर्शन कोणत्याही आलेखात घडत नाही.

आणि इथेच हाताच्या कौशल्याची कसोटी लागते. पृष्ठभागाच्या नमुन्यात एखादा बारीक बुडबुडा शिरला तर फरक नगण्य असतो. मधल्या थरातल्या नमुन्यात तोच बुडबुडा खोटा प्राणवायू दाखवून सगळा अर्थ बदलतो. त्यामुळे अनुभवी मार्गदर्शक एकाच बाटलीतले दुसरे पाणी नायट्राइटच्या चाचणीला द्यायला सांगतात. प्राणवायू संपलेल्या भागात जीवाणू श्वसनासाठी नायट्रेट वापरू लागतात आणि नायट्राइट साठते, तेव्हा चाचणीत गडद गुलाबी रंग येतो. साका पांढरा आणि दुसऱ्या परीक्षानळीत गुलाबी रंग, अशी जोडी जुळली की नमुना बहुधा चोख आहे. साका किंचित पिवळसर आणि तरी रंग गुलाबी, तर बाटली गळते आहे का, नळीत हवा होती का, याचा शोध सुरू होतो. पहाटे तीन वाजता दोन नळ्या दिव्यापुढे धरून केलेला हा विचार म्हणजे विज्ञानाची खरी तालीम आहे, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

याशिवाय गाळाचे उभे गाभे काढणे, प्लवकांची जाळी ओढणे, ध्वनिलहरींनी तळाचा नकाशा काढणे ही कामे असतातच. प्रगत टप्प्यावर प्रशिक्षणार्थ्याला मोहीमप्रमुखाच्या बाजूला बसवतात. वादळामुळे दोन दिवस गेले तर उरलेल्या स्थानकांपैकी (नमुने घेण्याच्या ठरलेल्या जागांपैकी) कोणती गाळायची, कोणाचा प्रकल्प अर्धवट ठेवायचा, कॅप्टनशी काय बोलायचे, हे निर्णय पुस्तकातून शिकता येत नाहीत.

आंतरराष्ट्रीय उपक्रम

युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने 1991 मध्ये ‘संशोधनातून प्रशिक्षण’ हा उपक्रम सुरू केला. तरंगते विद्यापीठ म्हणूनही तो ओळखला गेला. मॉस्को विद्यापीठाच्या पुढाकाराने ‘प्रोफेसर लोगाचेव’सारख्या रशियन नौकांवर अनेक देशांचे विद्यार्थी काळ्या समुद्रात, भूमध्य समुद्रात आणि पुढे अटलांटिकमध्ये गेले. या उपक्रमात सरावासाठी म्हणून वेगळे, बेतलेले प्रयोग नव्हते. काम खऱ्या संशोधनाचे होते. कादिझच्या आखातातील चिखलाच्या ज्वालामुखींचा शोध घेण्यात या मोहिमांचा मोठा वाटा आहे, आणि त्यांपैकी एकाचे नावच ‘स्टुडंट’ असे आहे.

जर्मनीची बर्फफोडी नौका ‘पोलारस्टर्न’ दर वर्षी अंटार्क्टिकाकडे जाता-येता अख्खा अटलांटिक ओलांडते. एरवी नुसत्या प्रवासात जाणारे हे आठवडे 2015 पासून काही फेऱ्यांमध्ये जगभरातून निवडलेल्या तरुण संशोधकांसाठी वापरण्यात आले. ऑस्ट्रेलियातही ‘इन्व्हेस्टिगेटर’ नौकेच्या बंदर ते बंदर प्रवासांचा असाच उपयोग पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी 2017 पासून केला गेला. नौकेचा एरवी रिकामा जाणारा प्रवास कामी लावणे ही युक्ती भारतीय नौकांनीही मन लावून उचलण्याजोगी आहे.

हिंदी महासागराची दुसरी आंतरराष्ट्रीय मोहीम डिसेंबर 2015 मध्ये गोव्यात सुरू झाली. तिचा पहिला प्रवास ‘सागर निधी’ने गोव्याहून मॉरिशसला केला. या मोहिमेअंतर्गत नवोदित वैज्ञानिकांचे स्वतंत्र जाळेही उभारण्यात आले.

कायद्याचा आधार

जहाजावरील जागा हा काही देशांच्या बाबतीत हक्काचाही प्रश्न आहे. 1982 च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या कलम 249 नुसार परक्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात) संशोधन करणाऱ्याने, त्या किनारी देशाची इच्छा असेल तर, त्याच्या प्रतिनिधींना मोहिमेत, विशेषतः जहाजावर, सहभागी करून घेतले पाहिजे. खोल समुद्रतळाच्या खनिजांचा शोध घेणाऱ्या कंत्राटदारांवर विकसनशील देशांतील लोकांना प्रशिक्षण देण्याचे बंधन आहे. 2002 मध्ये बहुधातू गोट्यांसाठी करार केलेला भारतही त्यात येतो. ‘अँटन ब्रून’च्या काळात इतरांकडे जागा मागणारा देश आता इतरांना जागा देणारा झाला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

स्त्रियांचा सहभाग

बराच काळ जहाजावर स्त्रियांना जागा देण्याबाबत टाळाटाळ होत असे. वेगळ्या केबिनचे कारण पुढे केले जाई. एनआयओमधील समुद्रवैज्ञानिक, मूळच्या नागपूरच्या अदिती पंत 1983–84 च्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झाल्या. त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. आता भारतीय मोहिमांत संशोधक मुली नियमितपणे असतात आणि रात्रपाळ्याही बरोबरीने करतात.

मर्यादा

मोठ्या नौकेवरही वैज्ञानिकांच्या जागा काही डझनच असतात, आणि त्या आधी प्रकल्पांच्या माणसांना जातात. त्यामुळे ज्यांच्या मार्गदर्शकाचा प्रकल्प मंजूर आहे तेच विद्यार्थी समुद्रावर पोहोचतात. किनारी महाविद्यालयांतून समुद्रविज्ञान किंवा मत्स्यविज्ञान शिकून बाहेर पडणाऱ्या कित्येकांनी सीटीडी फक्त चित्रात पाहिलेले असते. ही उणीव गंभीर आहे, आणि प्रत्येक मोहिमेत दोन-तीन जागा बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवल्या तर ती बरीच कमी होईल.

छोट्या नौकांवरचे नियमित काम हा दुसरा मार्ग आहे. गोव्यात कांदोळीच्या समोर एनआयओने 1990 च्या दशकापासून एक स्थानक चालवले आहे. पाण्याची खोली तिथे तीस मीटरहून कमी आहे आणि सकाळी निघालेली नौका त्याच दिवशी परत येते. पावसाळ्याच्या अखेरीस पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात प्राणवायू संपतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही वेळा तळाजवळच्या पाण्याला हायड्रोजन सल्फाइडचा, कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. त्याच काळात तिथल्या मासळीच्या हालचालीही बदलतात, म्हणून मच्छीमारांशी बोलणे हाही या प्रशिक्षणाचा भाग व्हायला हवा. बाटल्या, पाळ्या, विंकलरची पद्धत आणि नोंदवही हे सगळे मोठ्या नौकेवरचेच. ऐन पावसाळ्यात समुद्र खवळला की फेरी चुकते, एरवी ती महिन्याच्या महिन्याला ठरलेली असते.