वधूची मेंदी

लग्नाच्या एक-दोन दिवस आधी नवरीच्या हातापायांवर मेंदीच्या पाल्याच्या लगद्याने नक्षी काढण्याची प्रथा. भारतीय उपखंड, अरब देश, तुर्कस्तान आणि उत्तर आफ्रिकेत हिंदू, मुस्लिम, शीख, ज्यू अशा अनेक समाजांत ती आढळते. तिचे रूप धर्मापेक्षा प्रदेशावर अधिक ठरते.

मेंदी (लॉसोनिया इनर्मिस) हे उष्ण, कोरड्या हवेत तग धरणारे झुडूप. राजस्थानातील पाली जिल्ह्यातल्या सोजतची मेंदी विशेष नावाजलेली असून तिला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पानांतील लॉसोन हे रंगद्रव्य त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनाशी जोडले जाते. तळहात-तळपायांवर हा थर जाड असतो, म्हणून तिथे रंग गडद चढतो आणि मनगटापासून वर फिका होत जातो. लगदा काढल्यावर दिसणारा नारिंगी रंग पूर्ण मुरायला २४ ते ४८ तास लागतात. मुहूर्ताच्या आधी मेंदी काढण्यामागे हे साधे कारण आहे.

वस्त्रगाळ पूड लिंबाच्या रसात किंवा पाण्यात कालवून, निलगिरीसारखे तेल घालून काही तास भिजवतात आणि कोनात भरतात. कोन येण्यापूर्वी काडीने, त्याआधी नुसत्या बोटाने मेंदी लावत. पाट्यावर वाटलेल्या ओल्या पाल्याचा तळहातावर गोल ठिपका आणि रंगवलेली बोटांची टोके, एवढीच मेंदी कित्येक घरांत असे, आणि ती देखणीच दिसे.

नक्षी पूर्ण व्हायला तासन्‌तास लागतात. त्यानंतर लगदा वाळून गळू नये म्हणून त्यावर साखर घातलेला लिंबाचा रस कापसाने टिपतात. तव्यावर लवंगा तापवून त्यांची धुरी देतात. या वेळात नवरीला हात हलवता येत नाहीत. तिला घास भरवावा लागतो, पाण्याचा पेला ओठांना लावावा लागतो, कपाळावरची बट कुणीतरी मागे सारते. भोवतीच्या बायका गाणी म्हणतात. प्रथेचा जीव या बसण्यात आहे, नक्षी त्याचे निमित्त. वाळलेली मेंदी धुवायची नाही, खरवडून काढायची. रंग जितका गडद तितके नवऱ्याचे किंवा सासूचे प्रेम जास्त, असे चिडवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे.

राजस्थानी नक्षीत हात बारीक रेघांनी गच्च भरतात. मोर, कोयरी आणि वेलीत लपवलेले नवऱ्याचे नाव ही तिची ओळख. अरबी पद्धतीत मोठी फुले व मोकळी जागा असते, मोरोक्कोत भौमितिक आकार. तुर्कस्तानात सासूने सोन्याचे नाणे दिल्यावरच नवरी मिटलेली मूठ उघडते. महाराष्ट्रात लग्नात मोठा मान हळदीचा. मेंदीचा स्वतंत्र समारंभ अलीकडे रुळला. २०२४ मध्ये १६ अरब देशांच्या प्रस्तावावरून युनेस्कोने मेंदीच्या प्रथांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

‘काळी मेंदी’ मात्र मेंदी नव्हे. तिच्यात बहुतेकदा केसांच्या कलपातील पीपीडी हे रसायन असते. त्याने फोड येऊ शकतात, क्वचित कायमचे व्रणही राहतात. लग्नाच्या घाईत झटपट काळा रंग देणारा कोन घेऊ नये.

त्वचेचा वरचा थर झडतो तसा खऱ्या मेंदीचा रंग एक ते तीन आठवड्यांत उतरतो. तो उतरेपर्यंत नव्या सुनेला घरकामाला लावायचे नाही, अशी रीत काही घरांत आहे.