कॉफर डॅम
पाण्यातला पाया, पुलाचा खांब किंवा बंदराचा धक्का कोरड्यात बांधता यावा म्हणून कामाच्या जागेभोवती घातलेला, काम संपताच काढून टाकायचा बांध. इंग्रजी नावातील 'कॉफर' म्हणजे पेटी. हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिन 'कोफिनुस' (टोपली) व तेथून ग्रीकपर्यंत नेला जातो.

तंत्राच्या उगमाबद्दल एकमत नाही. इ.स.पू. 539 मध्ये इराणी सम्राट सायरसच्या सैन्याने बॅबिलनजवळ युफ्रेटीसचे पाणी वळवले, या ग्रीक इतिहासकार हीरॉडोटसच्या वृत्तान्तात काही जण त्याचे मूळ पाहतात. पण तिथे नदी वळवली, जागा वेढली नाही. शिवाय तो वृत्तान्त सुमारे शतकभराने लिहिलेला. रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हिअसचे (इ.स.पू. पहिले शतक) बंदरबांधणीतील वर्णन अधिक भक्कम आहे : खांबांच्या, एकमेकींना जखडलेल्या दुहेरी भिंती, मध्ये लव्हाळ्याच्या टोपल्यांत भरून ठासलेली चिकणमाती आणि मग मळसूत्र व चाकांनी पाण्याचा उपसा.

समुद्रकाठी भरती-ओहोटीने दाब सतत बदलतो, तेथे एकमेकांत अडकणारे पोलादी पत्रे (शीट पाइल) ठोकतात. मराठवाड्यात गोदावरीच्या पात्रात वाळू-गाळाखाली बेसाल्ट लागतो. अखंड खडकात पत्रा शिरत नाही. म्हणून मातीचाच बांध सोयीचा : पोटात काळी माती, दोन्ही अंगांना मुरूम, पाण्याच्या बाजूला दगड. काळी माती पाणी अडवते, पण वाळली की भेगाळते. मे महिन्यात उघड्या माथ्यावरच्या भेगेत बोटे सहज जातात. माती व खडक यांचा सांधा हे पाझराचे नेहमीचे ठिकाण. स्वच्छ पाझर पंप सोसतो. तोच गढूळ झाला, तर बांधाची माती वाहून चालली असे समजावे.

दुसरा धोका काठाचा. धक्का असो वा बांध, क्रेनचा भार आउटरिगरच्या (क्रेनच्या बाजूंना बाहेर काढायच्या आधारपायांच्या) लहानशा तळव्यातून जमिनीत उतरतो व त्याचा रेटा खालच्या भिंतीवर किंवा उतारावर येतो. म्हणून क्रेन काठापासून किती मागे ठेवायची, हे खोदाईची खोलीही ठरवते.

मातीच्या धरणाची घळभरणी (नदीपात्रातली शेवटची मोकळी फट भरणे) पावसाळ्यापूर्वी आटोपावी लागते, तशीच या बांधाच्या आतली कामेही. पैठणच्या जायकवाडी धरणाखाली, आपेगाव-हिरडपुरीच्या पट्ट्यात, स्थानिक पाऊस पाहून चालत नाही; पाऊस नाशिककडे पडतो आणि धरण भरलेले असेल तर 27 दरवाजांतून विसर्ग येथे येतो, डोक्यावर आभाळ निरभ्र असतानाही. भारतीय मानक 10084 (भाग 1, 1982) अशा बांधांच्या आराखड्याविषयी आहे.

बांध काढणे हेही कामच. पात्रात राहिलेला भराव पुढच्या पुरात प्रवाह एका बाजूला लोटतो आणि नव्या खांबाचा पाया उघडा पडू शकतो.