लाल कडं का पडतं? अंड्यातल्या हृदयाबद्दल थोडं
(अंडी उबवायला देणाऱ्या आणि छोटी मशीन नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

दर उन्हाळ्यात आमच्या हॅचरीत एक भांडण ठरलेलं असतं. सातव्या दिवशी आम्ही अंडी बत्तीवर पाहतो, काही बाजूला काढतो आणि ज्यांची असतील त्यांना फोन करतो. तिकडून लगेच ऐकू येतं, "भाऊ, अंडे तं ताजेच होते. तुमच्याच मशीननं मारले." गेल्या मे महिन्यात आर्णीकडच्या एका बचत गटाच्या ताई अशाच तावातावानं आल्या. त्यांना अंधाऱ्या खोलीत नेलं, टॉर्चवर अंडं धरलं आणि आतलं लाल कडं दाखवलं. अर्धा तास बोलणं झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे पहिलेच छापून देत जा ना." म्हणून हा कागद.

कोंबडा लागलेलं अंडं असेल तर बलकावर एक फिकट ठिपका असतो. अंडं घातलं जातं तेव्हाच त्या ठिपक्यात हजारो पेशी असतात. गारव्यात त्या झोपून राहतात. साधारण २० ते २१ अंशांच्या खाली वाढ थांबते. कोंबडी खुडूक बसली किंवा आपण अंडं मशीनमध्ये ३७.५ अंशांवर ठेवलं, की त्या जाग्या होतात आणि सगळ्यात आधी ज्या कामांना लागतात त्यांत हृदय आणि रक्तवाहिन्या येतात.

पहिला दिवस संपता संपता ठिपक्याच्या कडेला रक्ताची बारीक बेटं दिसू लागतात. मधल्या भागात डावी-उजवीकडे दोन नाजूक नळ्या तयार होतात, जवळ येतात आणि जुळून एक होतात. हेच हृदय. ३३ ते ३६ तासांच्या सुमारास ही नळी थरथरू लागते. त्या वेळी तिच्यापर्यंत एकही मज्जातंतू पोहोचलेला नसतो आणि रक्तही अजून फिरत नसतं. आधी मोटर सुरू, मग पाइप जोडणं, असा उलटा कारभार. पाइप जुळतात ते दुसऱ्या दिवसाच्या शेवटाकडे, आणि मग रक्त फिरायला लागतं.

नळी भराभर लांबते आणि उजवीकडे वाकते. शिरा जिथून आत येतात तो मागचा भाग वळून वर सरकतो, त्याचे पुढे वरचे दोन कप्पे होतात. मधले पडदे पूर्ण व्हायला आठवा दिवस उजाडतो, तेव्हा कुठे चार कप्प्यांचं हृदय. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मात्र चाळणीसारखी बारीक भोकं राहतात. फुप्फुसं अजून बंद असल्यामुळे रक्ताला ती वाट लागते. पिल्लू बाहेर आल्यावर ती बुजतात.

शिरांचं जाळं बलकावर पसरतं. बलकावरून दोन मोठ्या शिरा डावी-उजवीकडून हृदयाच्या मागे येऊन मिळतात आणि पोषण आणतात. शाळेत आपण शिकलो की धमनीत शुद्ध रक्त आणि शिरेत अशुद्ध. अंड्यात हे उलटं. इथे श्वास फुप्फुसानं नाही, कवचाकडून घेतला जातो. त्यामुळे बाहेरून हृदयाकडे येणाऱ्या शिरेतलंच रक्त जास्त लालभडक.

आता कड्याबद्दल. शेताला धुरा असतो तशी या जाळ्याच्या काठाने गोल फिरणारी एक वाहिनी असते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हृदय थांबलं, की रक्त मधून हटून काठाला साचतं. आतलं जाळं पुसलं जातं, काठ तेवढा उरतो. बत्तीवर दिसतं ते लाल कडं हेच. थोडक्यात, अंडं बिनकोंबड्याचं नव्हतं, जीव धरला होता आणि गेला. बिनकोंबड्याचं अंडं बत्तीवर नुसतं स्वच्छ पिवळसर दिसतं, त्यात कडं पडत नाही. चांगलं अंडं चौथ्या-पाचव्या दिवशी कोळ्यासारखं दिसतं: मध्ये काळसर ठिपका आणि त्यातून चहूकडे गेलेल्या लाल रेषा.

पण जीव गेला का? आपल्याकडचा मे महिना आठवा. बाहेर ४५ अंश, टिनाच्या खोलीत दुपारी ३८-४०. म्हणजे ती खोलीच मशीन झाली, फक्त रोज रात्री मंदावणारी. आठ दिवस साठवलेल्या अंड्यात वाढ रोज दुपारी सुरू होते आणि रात्री अडते. असा दमलेला जीव आमच्या मशीनमध्ये आला, की हृदय चार दिवसही टिकत नाही. म्हणून उन्हाळ्यात अंडी तीन दिवसांच्या आत आणा. तोवर ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवा, अंडं कोरडं राहील असं. फ्रिज नको, तो फार थंड. थंडीच्या दिवसांत सात दिवसांपर्यंत चालतं.

चूक दरवेळी तुमचीच असते असं आम्ही म्हणणार नाही. अंडी जुनी असतील, रस्त्यात दणके बसले असतील किंवा मशीनचं तापमान चढलं असेल, तरी कडं पडतं. एकाच ट्रेमध्ये चार गावांची अंडी असतात. कडी सगळ्यांच्या अंड्यांत पडली तर दोष आमचा, त्या खेपेचे पैसे घेत नाही. एकाच गावाच्या अंड्यांत पडली, तर कारण मशीनच्या आधीचं.

ठोका खोटा वाटत असेल तर एक सांगतो. एकदा चौथ्या दिवसाचं अंडं हातातून निसटून ताटलीत फुटलं. बलक शाबूत राहिला, त्यावर लाल जाळं, आणि मध्ये मोहरीएवढा ठिपका टुकटुक उडत होता. गार होत गेला तसा मंदावला, पण बराच वेळ थांबला नाही. ग्रीसच्या ॲरिस्टॉटलनं सुमारे २,३०० वर्षांपूर्वी हाच उडणारा रक्ताचा ठिपका लिहून ठेवला आहे. आमच्या कामावरच्या पोरानं त्या दिवसापासून ट्रे आपटणं सोडलं.

दुसरी तक्रार शेवटच्या दिवसांची, आणि ती जास्त चुटपुट लावणारी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून कवचाच्या आतून शिरांचं दुसरं एक जाळं वाढू लागतं आणि दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंत सगळ्या अंड्याला अस्तरासारखं लागतं. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून हवा आत येते ती या जाळ्यात. म्हणून अंडी धुऊ नका, घाण लागली असेल तर कोरड्या कापडानं पुसा. अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून तीन-चार वेळा तरी फिरवायची तीही याचसाठी. फिरवली नाहीत तर शिरांचं जाळं नीट पसरत नाही आणि जीव कवचाला चिकटतो.

एकोणीस-विसाव्या दिवशी पिल्लू चोच रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसानं श्वास घेतं. मग कवचाला टिचकी पडते. इथेच माणसाला दया येते. टिचकी पडून सहा तास झाले, पिल्लू आत चिवचिवतंय, म्हणून कवच सोलायला घेतात, आणि अस्तरातून रक्त येतं. त्या शिरा तेव्हा चालूच असतात! पिल्लू त्यांतलं रक्त हळूहळू ओढून घेतं, उरलेला बलक पोटात घेतं, शिरा सुकतात आणि मगच ते कवच फिरवून कापतं. टिचकीपासून बाहेर यायला चोवीस तासही लागतात. तोवर मशीन उघडायची नाही. उघडली की ओल उडते, आतलं अस्तर वाळतं आणि पिल्लू त्यातच अडकतं.

गटातल्या ताईंनी विचारलं होतं, माणसाच्या बाळाचंही असंच का? बरंचसं असंच. गर्भ राहिल्यापासून २२व्या दिवसाच्या आसपास ठोका सुरू होतो, हृदय आधी नळीच असतं आणि चांगलं रक्त वारेकडून नाळेतल्या शिरेनं येतं. वरच्या कप्प्यांमध्ये चाळणीऐवजी एकच झडपेची वाट असते. आणखी एक फरक: हृदयातून निघणारी मोठी धमनी माणसात डावीकडे वळते, कोंबडीत उजवीकडे.

लोडशेडिंगबद्दल, छोटी मशीन नेलेल्यांसाठी: पहिल्या आठवड्यात लाइट गेली तर झाकण उघडू नका, वरून चादर टाका, पण हवेची भोकं मोकळी ठेवा. गारव्यानं ठोका मंदावतो, दोन-तीन तास निभतात. शेवटच्या आठवड्यात अंडी स्वतःच गरम असतात, पंखा बंद पडला की उकडतात. तेव्हा झाकण बोटभर उघडं ठेवा. गारवा एकवेळ चालतो, उष्णता नाही.

अंडी बुधवारी आणि शनिवारी सकाळी १० पर्यंत घेतो. पहिल्या एसटीनं आणा, गाडीच्या डिक्कीत नको. निमुळतं टोक खाली, भुशात किंवा कागदी ट्रेमध्ये. आणल्यावर रात्रभर आम्ही ती तशीच टेकवून ठेवतो, मग लावतो. पाचव्या दिवशी संध्याकाळी सातनंतर आलात तर तुमचीच अंडी बत्तीवर दाखवू. पोट्ट्यांनाही आणा, फक्त ट्रेला हात लावू देऊ नका.